पाळकसाहेब, सोमवारी आपल्याबरोबर कोण चालते?

इंदूरच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत सहा वर्षे सेवा करणाऱ्या ४१ वर्षांच्या पाळकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: चार वर्षांत वजन ११ किलोंनी वाढले, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१ वर आणि रक्तदाब १४०/९० च्या आसपास आला. चालायला जाण्याचा निश्चय दर जानेवारीत होतो आणि लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू होण्याआधीच मोडतो. मन मोकळे करावे असे शहरात कोणी नाही. आणि स्वतःच्या शरीरासाठी रोज पाऊण तास काढणे म्हणजे मंडळीच्या वेळेची चोरी तर नव्हे, ही टोचणी मनातून जात नाही.

सप्रेम सलाम. मी फिजिशियन असून इंदूरमध्ये २९ वर्षे प्रॅक्टिस करीत आहे, आणि त्याआधीची सगळी वर्षे पाळकबंगल्यात वाढलो आहे. माझ्या दवाखान्यात मराठी, हिंदी आणि मल्याळी अशा सर्वच मंडळ्यांचे पाळक येतात, आणि आपण लिहिलेली हकीकत थोड्याफार फरकाने त्यांतील बहुतेकांनी मला सांगितलेली आहे. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आपण दोन तक्रारी वेगवेगळ्या मांडल्या आहेत, एक शरीराची आणि दुसरी एकटेपणाची. माझ्या मते त्या एकच आहेत. आपला निश्चय मोडतो तो इच्छाशक्ती कमी पडते म्हणून नव्हे. जो माणूस डिसेंबरच्या थंडीत रात्री अकराला कॅरल गाणाऱ्या तरुणांबरोबर घरोघर फिरतो आणि सकाळी सातला पुन्हा उपासनेला उभा राहतो, त्याच्या इच्छाशक्तीबद्दल मला शंका घेता येत नाही. निश्चय मोडतो, कारण सकाळी सहा वाजता फाटकाशी आपली वाट पाहणारे कोणी नसते. पाळकाला वाटेल त्या वेळी हाक मारणारे शंभर लोक असतात, पण ‘काल आपण आला नाहीत, बरे आहात ना’ असे विचारणारा एकही नसतो.

हे मी घरात पाहिले आहे. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७ साली इंदुरात आले, तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे या भागातील पाळकपण हे पायांचे काम होते. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू, १९७० साली नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली तेव्हा तिशीत होते, आणि त्यांच्याजवळ एक काळी सायकल होती. राऊ आणि महूकडची घरे ते त्याच सायकलीवरून करीत. त्यांना कोणी व्यायाम करा म्हणून सांगितले नाही, कारण त्यांची सेवा हाच त्यांचा व्यायाम होता. नंतर स्कूटर आली, मंडळी वाढली, कमिट्यांच्या बैठका वाढल्या आणि टेबलाशी बसून करण्याचे काम वाढले. तरीही अप्पांची तब्येत बरीच वर्षे टिकली, आणि त्याचे कारण दर सोमवारी संध्याकाळी साडेपाच वाजता आमच्या फाटकाची कडी वाजवणारे हिंदी मंडळीचे पाळक होते. दोघे रेसिडेन्सीच्या झाडीतून तास-दीड तास चालत. आम्हा मुलांना बरोबर येण्याची परवानगी नव्हती. एकदा मी आईला विचारले की हे दोघे रोजच्या रोज प्रार्थना करतात, मग एवढे बोलतात तरी काय; त्यावर ती म्हणाली, ‘ते दोघे तिथे पाळक नसतात.’ पुढे त्या गृहस्थांची बदली झाली. अप्पांनी पहिले काही सोमवार एकट्याने फेरी मारली, मग पावसाळा आला आणि फेरी थांबली ती कायमचीच. दीड वर्षाने त्यांना रक्तदाबाची पहिली गोळी सुरू झाली. बदली आणि गोळी यांचा संबंध तेव्हा कोणाच्याही ध्यानात आला नाही; मलाही तो डॉक्टर झाल्यावर पुष्कळ उशिरा उमगला.

पाळकांच्या तब्येतीचा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने नॉर्थ कॅरोलायना राज्यातील युनायटेड मेथडिस्ट पाळकांचा मोठा अभ्यास केला, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की त्या पाळकांमधील लठ्ठपणाचे प्रमाण त्याच राज्यातील इतर लोकांपेक्षा शंभरात सुमारे १० जणांनी अधिक आहे. नैराश्याचे प्रमाणही सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळले. तिथले खाणे वेगळे, पगार वेगळे, पण कामाची घडण हीच आहे: ठरलेल्या वेळा नाहीत, प्रत्येक कार्यक्रमाला खाणे आहे, आणि दुसऱ्याचे दुःख ऐकून ते कोणालाही न सांगता घरी घेऊन यायचे आहे.

आता आपल्या आकड्यांविषयी. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्याची अवस्था, ६.५ पासून मधुमेह म्हणतात. येथून मागे फिरता येते, आणि हे मी केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. भारतीयांवरच झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साखर उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचा सुमारे तीन वर्षे पाठपुरावा केला गेला. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडून दिले त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांच्या आहाराकडे आणि चालण्याकडे सातत्याने लक्ष दिले गेले त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले. त्या दुसऱ्या गटाला कोणी जगावेगळे औषध दिले नव्हते. त्यांना नियमाने विचारणारे कोणीतरी होते, एवढे मात्र होते.

वजनाच्या काट्यापेक्षा कमरेची पट्टी अधिक खरे सांगते. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी, स्त्रीची ८० च्या आत. आपले लोक दिसायला लठ्ठ नसतानाही पोटात चरबी साठवतात, आणि पाळकाच्या पांढऱ्या झग्याखाली ती कोणाला दिसत नाही. रक्तदाब एकदा मोजून घाबरू नये आणि एकदा मोजून निश्चिंतही होऊ नये. घरी यंत्र आणा, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून सकाळ-संध्याकाळ आठवडाभर नोंद करा. घरची सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर डॉक्टरांना भेटणे टाळू नका. ती मोजणी रविवारी उपासना संपताच करू नका. त्या वेळी कोणाचाही दाब वरच असतो.

चालण्याचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे ते पुरेसे आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाने, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. मध्यम वेग कसा ओळखायचा, तर चालताना बोलता यावे पण गीत गाता येऊ नये. आपल्याला गीतांची सवय आहे, त्यामुळे ही परीक्षा सोपी जाईल. ताकदीसाठी जिमची आवश्यकता नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा-बारा वेळा उठणे-बसणे आणि भिंतीला हात लावून दंड काढणे एवढे प्रारंभी पुरे. ज्यांना गुडघे टेकून प्रार्थना करायची आहे आणि दुसऱ्यांच्या घरी सतरंजीवर मांडी घालून बसायचे आहे, त्यांनी मांड्यांचे स्नायू जपलेच पाहिजेत. रात्रीच्या जेवणानंतर पाळकीणबाईंबरोबर अंगणात दहा-पंधरा मिनिटे फेऱ्या मारल्या तर जेवणानंतर चढणारी साखर खाली राहते, आणि दिवसभरात त्या दोघांना एकमेकांशी बोलायला मिळालेली ती कदाचित पहिलीच वेळ असते.

खाण्याबद्दल मी फार लिहीत नाही. एका गोष्टीवर मात्र थांबतो, कारण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्या कुटुंबभेटी. समजा एका संध्याकाळी आपण सुदामानगर आणि लोकमान्यनगर या बाजूची सहा घरे केली. प्रत्येक घरी ट्रे येतो. पाळकसाहेब आले म्हणून चहात दूध जास्त, साखर दोन चमचे, शेजारी शेवेची बशी, आणि इंदूर असल्यामुळे ‘अहो, थोडीशी तरी घ्या’ हे तीनदा म्हटले जाते. दोन चमचे म्हणजे आठ ग्रॅम साखर. सहा घरांची झाली ४८ ग्रॅम. प्रौढ माणसाने दिवसभरात सर्व मिळून जास्तीत जास्त ५० ग्रॅम, आणि शक्य तर २५ ग्रॅमच वरची साखर घ्यावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दिवसाचा सगळा वाटा त्या तीन तासांत संपला, आणि घरचे जेवण अजून व्हायचेच आहे. नाही म्हणावे तर घरातील मावशींचे मन दुखावते, आणि ते दुखवू नये हे मलाही मान्य आहे. माझ्या ओळखीच्या एका पाळकांनी यातून चांगला मार्ग काढला. महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनीच सर्वांना सांगितले की साहेब प्रत्येक घरी पाणी घेतील आणि चहा फक्त शेवटच्या घरी, तोही बिनसाखरेचा. ते स्वतः बोलले असते तर तो नकार वाटला असता. बाईंनी सांगितल्यामुळे ती मंडळीने घेतलेली काळजी झाली. ज्या घरी चहा नको, त्या घरी वेळ मात्र पूर्ण द्यावा. लोकांना खरे तर तेच हवे असते.

एक धोक्याची सूचना येथेच देतो, कारण तिच्याअभावी मी दोनदा पाळकांना तातडीने दाखल करून घेतले आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, उपाशीपोटी घेतल्या तर साखर एकदम खाली जाते: घाम, थरथर, गोंधळ, आणि शेवटी शुद्ध हरपणे. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्यांनी लांबलेल्या उपवासात रक्तात आम्ल वाढण्याचा वेगळा धोका असतो, आणि त्यात साखर फार वाढलेली दिसत नसल्यामुळे तो लक्षातही येत नाही. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन उभे राहून येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांची उपासना चालवायची आणि पहाटेपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असे ज्या पाळकांनी गोळ्या चालू असताना केले त्यांचे हाल मी पाहिले आहेत. आपल्याला आज गोळी नाही, परंतु आपल्या बरोबरीच्या मोठ्या पाळकांना हे अवश्य सांगा: उपवास-प्रार्थनेच्या आठवड्याआधी डॉक्टरांना विचारून मात्रा बदलून घ्यावी, आपल्या मनाने गोळी बंदही करू नये आणि चालूही ठेवू नये.

झोपेचेही तसेच आहे. रविवारचा संदेश, म्हणजे प्रवचन, शनिवारी रात्री दोनपर्यंत लिहिण्याची सवय बहुतेकांना असते. कमी झोपेने भूक वाढते, दाब वाढतो आणि माणूस चिडचिडा होतो. तो चिडचिडेपणा रविवारी दुपारी घरच्यांच्या वाट्याला येतो. संदेशाचा कच्चा आराखडा गुरुवारी रात्रीपर्यंत कागदावर यावा, अशी सवय लावता येते. आणि आपण मोठ्याने घोरत असाल, सात तास झोपूनही दिवसा पेंग येत असेल, तर झोपेत श्वास अडकण्याचा विकार नाही ना, हे तपासून घ्या.

आता सोबतीकडे येतो, कारण माझ्या उत्तराचा गाभा तोच आहे.

मंडळीतील लोक आपल्यावर प्रेम करतात आणि त्यांच्या प्रेमाला मी कमी लेखत नाही. तरीही मंडळीतील कोणाही एकाला आपला अंतरंग मित्र करणे बहुधा निभत नाही. आज ज्याच्याजवळ आपण कमिटीबद्दल त्रागा केला, तोच उद्या कमिटीवर निवडून येतो. ज्याच्या घरी आपण वारंवार दिसतो, त्याच्याबद्दल इतरांच्या मनात किंतु येतो. पत्नीवर सगळे ओझे टाकावे, तर तिला पुढच्या रविवारी त्याच बायकांबरोबर बाकावर बसायचे असते, आणि कोणी काय म्हटले हे ठाऊक असताना हसून बोलायचे असते. पाळकीणबाईंना कळायला हवे ते आपले मन. लोकांची गुपिते नव्हेत. आपण दमलो आहोत, दुखावलो आहोत, एवढे तिला जरूर सांगावे, कारण न सांगितल्यास ती ते आपल्यावरचा राग समजते. माझ्या आईने कित्येक वर्षे तसेच समजून काढली.

म्हणून पहिला सोबती शोधावा तो दुसऱ्या मंडळीचा पाळक. इंदूरसारख्या शहरात हे अवघड नाही, कारण येथे मराठीबरोबर हिंदी, मल्याळी आणि तमिळ मंडळ्याही आहेत, आणि भाषा वेगळी असल्यामुळे एकाची माणसे दुसऱ्याच्या ओळखीची नसतात. पंथाचे मतभेद असले तरी चालते. गुडघे दोघांचेही सारखेच दुखतात. त्याच्याशी चार गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. वार आणि वेळ ठरलेली असावी. कोणाही मंडळीजनाचे नाव घ्यायचे नाही. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, आणि बायबलमधील वचन तर मुळीच ऐकवायचे नाही, कारण ती वचने दोघांनाही पाठ असतात. महिन्यातून एकदा मात्र एकमेकांना सरळ विचारायचे: झोप कशी आहे, राग कोणाचा आहे, पैशाची ओढाताण आहे का, घरी बरे चालले आहे का. बसून हे प्रश्न विचारणे जड जाते. चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, म्हणून पुरुषमाणसे चालताना अधिक खरे बोलतात. मी रुग्णांनाही कधी कधी तपासणीच्या खोलीतून बाहेर आणून व्हरांड्यात दोन फेऱ्या मारत त्यांचे ऐकतो.

याशिवाय एखादे वडीलधारे असावेत, निवृत्त पाळक असल्यास उत्तम, ज्यांना आपण वर्षातून तीन-चार वेळा भेटू आणि जे आपल्याला ‘तुझे चुकते आहे’ असे एकेरीत म्हणू शकतील. आणि एक मित्र चर्चच्या पूर्णपणे बाहेरचा असावा. शाळेतला असो, शेजारचा असो, इथल्या सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाला बरोबर येणारा असो. त्याच्यासमोर आपण पाळकसाहेब नसून केवळ नावाने ओळखले जाणारे गृहस्थ असतो. पाळकांची बदली होत राहते, त्यामुळे ही माणसे दर गावी नव्याने जोडावी लागतात. हे कष्टाचे आहे, आणि म्हणूनच नव्या गावी सामान लावून झाले की पहिल्या महिन्यातच त्याला लागावे. ओळखी आपोआप होतील म्हणून थांबलेले पाळक तीन वर्षांनी तसेच एकटे असलेले मी पाहिले आहेत.

आपल्या टोचणीबद्दल. शारीरिक कसरत थोड्या बाबतीत उपयोगी आहे, हे बायबलमधील, पौलाने तीमथ्याला लिहिलेले वाक्य मला कित्येक पाळकांनी दवाखान्यात ऐकवले आहे. मी त्यांना एवढेच म्हणतो की ‘थोड्या बाबतीत उपयोगी’ याचा अर्थ ‘निरुपयोगी’ होत नाही, आणि त्याच पत्रात पौल तीमथ्याच्या पोटाची आणि वारंवारच्या दुखण्याची काळजीही करतो. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा त्याला प्रथम उपदेश मिळाला नाही. झोप मिळाली, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी मिळाले, पुन्हा झोप, पुन्हा भाकर; देवाशी संभाषण त्यानंतर चाळीस दिवसांनी झाले. आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसलेल्या मोशेला, हे ठीक नाही, तू थकून जाशील, असे सांगणारा कोण होता, तर त्याचा सासरा इथ्रो. बाहेरून आलेला माणूस. मंडळीतील कोणीही ते सांगितले नव्हते, कारण सगळे रांगेत उभे होते.

कामे वाटून देण्याचा इथ्रोचा सल्ला मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आपल्या पास्टोरेट कमिटीलाही लागू आहे, आणि हे काम आपण एकट्याने करायचे नाही. साप्ताहिक सुटीचा एक दिवस लेखी ठरावाने नोंदवला जावा. त्या दिवशी कोणत्या कारणासाठी फोन करायचा हे स्पष्ट असावे: मृत्यू, अपघात, आयसीयूमधील रुग्ण. पत्रिका छापायची आहे, हॉलची किल्ली हवी आहे, दोन कुटुंबांत पार्किंगवरून वाद झाला आहे, ही कामे मंगळवारी होतात. रुग्णालयभेटी आणि दफनविधीनंतरच्या घरभेटी यांसाठी मंडळीतील दोन-तीन वडीलजनांची पाळी लावावी, आणि पाळक व पाळकीणबाई या दोघांच्याही वार्षिक तपासणीचा खर्च अंदाजपत्रकात असावा. कमिटीचे लोक असे करायला तयार नसतात, हा समज मला फारसा खरा वाटत नाही. बहुतेक ठिकाणी त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

शेवटची एक गोष्ट फार गंभीरपणे लिहितो. थकवा विश्रांतीने जात असेल तर तो थकवा आहे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास राहत असेल, आवडते गीतही नकोसे वाटत असेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, किंवा आपण नसतो तर बरे झाले असते असा विचार एकदाही येऊन गेला असेल, तर तो विश्वासाचा अभाव नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. लंडनमध्ये हजारोंना उपदेश करणारे स्पर्जन आयुष्यभर अशा काळोखाशी झगडत होते आणि व्यासपीठावरून त्याबद्दल उघडपणे बोलत होते. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला संकोच वाटत असेल, तर टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे पाळक असल्याचे सांगावे लागत नाही.

आपण काय करावे, तर या आठवड्यात कंबर मोजा आणि दाबाची वही सुरू करा. चालायला मात्र एकट्याने निघू नका. आधी एका पाळकबंधूला फोन करा आणि पुढचा सोमवार, सकाळी सहा, अशी वेळ ठरवा; मे महिन्यात साडेपाच, कारण नंतर ऊन सोसत नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटे पुरेत. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करून रिपोर्ट घेऊन या. वजन किती उतरले हे मी नंतर पाहीन. आधी त्या बारा-तेरा सोमवारांपैकी किती सोमवारी दोघे निघालात, ते विचारीन, आणि जमल्यास त्या बंधूंनाही बरोबर आणा, त्यांचाही दाब मोजून टाकू.